इतर, असल्यास

आगरवाड्याच्या पंचायतीत माझं टेबल खिडकीशी.
खारं वारं थेट कीबोर्डवर येतं,
वर्षातून दोनदा ‘एंटर’ अडकतं
आणि मी ते टाचणीने उचकटते.

सोमवारी ताळगावच्या पठारावरून एक मुलगा आला,
मेल्विन दीनिश. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र,
काखेत हेल्मेट, प्रश्नावली सोळा पानांची.
म्हणाला, देशोदेशीची सरकारं संगणकावर येतात
ती नेमकी कशामुळे, ते शोधतोय.
लॅपटॉप उघडून दाखवला आलेख:
प्रत्येक ठिपका एक देश,
मधून वर चढत गेलेली रेघ.
पैसा वाढला की ठिपका वर, शाळा वाढल्या की वर,
तारा, टॉवर, मंत्र्यांची इच्छा,
सगळ्याला एक ते पाच गुण द्यायचे.
काही ठिपके मात्र रेघेला जुमानत नव्हते,
श्रीमंत असून खाली बसलेले,
गरीब असून वर उडी मारलेले.
ह्यांचं काय, मी विचारलं.
ह्यांच्यासाठीच तर फिरतोय, तो म्हणाला.

‘वीजपुरवठा.’
मी तीनवर गोल केला, आणि पंखा थांबला.
तीन खोडून दोन केले.
संगणक बॅटरीवर टुकटुकत राहिला.

तेवढ्यात शाणू पार्सेकर आला,
मिठागरातून सरळ, पोटऱ्यांवर पांढरे डाग वाळलेले,
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात तीन सरकारं:
पिवळं पोर्तुगीज पान, रेजिदोराची लफ्फेदार सही,
मामलेदाराचा हुकूम, घडीवर फाटलेला,
आणि माझ्याच प्रिंटरमधून निघालेला एक-चौदाचा उतारा
ज्यात पार्सेकरचा पारेकर झालाय.
त्याला मधलं ते ‘से’ परत हवं होतं.

आंगठा ठेवला. जुळत नाही.
लुंगीला पुसून ठेवला. जुळत नाही.
चाळीस उन्हाळे मीठ ओढलेला आंगठा,
लाटेने घासलेल्या काचेसारखा.
आगर बंद झालं की हळूहळू रेषा परत उगवतात,
गणपतीपर्यंत मशीन त्याला ओळखतं, मला ठाऊक आहे.
पण मुदत शुक्रवारची.

राहिला मोबाइल. नोंदलेला नंबर मुलाचा,
मुलगा तारवावर.
सहा आकडे पंचायतीतून निघाले
आणि कुठल्या पाण्यावर गेले देव जाणे,
दहा मिनिटांचं आयुष्य घेऊन.
आम्ही तिघं माझ्या फोनकडे बघत बसलो.
मेल्विनने पेनाला टोपण लावलं.

आठव्या मिनिटाला वाजला. मागे इंजिनाची घरघर,
जहाज कुठल्याशा बंदराला लागलेलं, तिथे पहाटेचे तीन.
मुलाने आकडे दोनदा वाचले,
मधेच विचारलं, ‘बाबा जेवलो?’
त्या देशाचा ठिपका वर की खाली,
मेल्विननेही विचारलं नाही.

आणि एंटर अडकलं.

टाचणी सापडेना. मग सापडली, कॅलेंडरला टोचलेली.
‘आपला अर्ज प्रलंबित आहे,’ पडदा म्हणाला,
माझ्या तोंडून ‘सुटलो’ निघालं.

पावती छापली. खाली बारीक अक्षरात:
संगणकीकृत प्रत, शिक्क्याची आवश्यकता नाही.
शाणूने कागद उजेडाकडे धरला, उलटा केला,
परत माझ्यापुढे सरकवला.
‘शिक्को मार गो बाये.’
मी खालच्या ड्रॉवरातून जुना गोल शिक्का काढला,
शाई सुकलेली, फुंकर घालून ओली केली,
मारला.

प्रश्नावलीचं शेवटचं पान.
‘इतर घटक, असल्यास’, आणि पुढे अर्धी ओळ जागा.
तीन वाजता जागा असलेला मुलगा तिथे मावेना,
डबा मावेना.
मी लिहिलं: टाचणी.
‘गुण?’ मेल्विनने विचारलं.

मी खिडकीतून पाहत होते.
शाणू बांधावरून चाललेला, डबा काखेत,
चार पावलांवर थांबून झाकण उघडत होता,
शिक्का वाळला का ते बघायला.